पाच माणसं, तीन वाटा आणि गोळ्यांचा डबा

नवऱ्यानं सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली नोकरी सोडली आणि भाड्याच्या गाळ्यात स्वतःची लेथ मशीनं टाकली. नोकरीत होता तोवर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, होतं. पगार २१ हजारांच्या आत, त्यातून पाऊण टक्का कापला जायचा, सव्वातीन टक्के मालक भरायचा आणि तेवढ्यात घरातली सगळी माणसं बसायची. नोकरी सुटल्यावर ईएसआयचं संरक्षण लगेच जात नाही, काही महिने चालतं. ते संपायच्या आत दुसरी सोय लावायची, एवढं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कागद वाचायची सवय मलाच. मी मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे हिशेब लिहिते. हळदीच्या पट्टीत हमाली, तोलाई, अडत कुठं कशी वजा होते ते बघण्यात माझं आयुष्य चाललंय. त्यामुळे पॉलिसी हातात आली की किती लाखांचं कव्हर आहे यापेक्षा काय काय वजा होणार इकडे माझी नजर आधी जाते.

घरात आम्ही पाच जण. नवरा ४१, मी ३७, मुलगी ९, सासूबाई म्हणजे आई ६३ आणि सासरे म्हणजे अण्णा ७२. आईंना बीपी आणि शुगर. अण्णांची २०१७ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली. वर्षाला पन्नास हजारांच्या वर जायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. धंदा नवीन, मशीनचे हप्ते चालू.

विषय काढल्याबरोबर अण्णा म्हणाले, "आपला विमा आहे की. बँकेत कापतात दरवर्षी."

त्यांचं पासबुक काढलं. कापले जात होते ते २० रुपये, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे. ही योजना अपघाताची. अपघातात माणूस गेला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख. दवाखान्याच्या बिलाशी तिचा काही संबंध नाही, आणि तीही सत्तर वर्षांपर्यंतच. अण्णांच्या सत्तरीनंतर पासबुकात ती नोंदही नव्हती. मग आईंनी पाकिटातून लॅमिनेट केलेलं एक कार्ड काढून दाखवलं. ते आभा कार्ड होतं, चौदा आकडी नंबरचं. त्यात आपल्या तपासण्यांची, उपचारांची नोंद एका जागी राहते. त्यावर कुणी एक रुपया देत नाही. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हे कार्ड "पाच लाखांचं कार्ड" म्हणून जपून ठेवलेलं आहे. ज्या कार्डावर खरोखर पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात ते केंद्र सरकारच्या योजनेचं आयुष्मान कार्ड वेगळं. दोन्ही शेजारी ठेवून एकदा बघून घ्यावीत.

तर सुरुवात सरकारी योजनांपासून केली. त्यांना हप्ता नाही, आणि आधीपासूनचा आजार आहे म्हणून त्या कुणाला नाकारत नाहीत. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आधी ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती, आणि कव्हर दीड लाखाचं. २०२३ च्या जुलैमध्ये शासन निर्णय निघाला आणि १ जुलै २०२४ पासून पांढरी शिधापत्रिकावालेही त्यात आले, कव्हर कुटुंबाला वर्षाला पाच लाख झालं. म्हणजे महाराष्ट्रात शिधापत्रिका असलेला जवळपास प्रत्येक जण या योजनेत आहे. आमच्या यार्डात हे सांगितलं की लोक म्हणतात, "ते गरिबांसाठी असतंय." व्यापारी म्हणतात, हमालही म्हणतात.

ऐकीव माहितीवर विसंबायचं नव्हतं म्हणून मिरजेला गेले. सांगलीच्या माणसाला मोठं दुखणं म्हणजे मिरज, हे ठरलेलंच. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथं एक तरुण मुलगा बसला होता, समोर फाईलींचा ढीग. त्याला सरळ विचारलं, आमच्या केशरी कार्डावर काय होतं आणि काय होत नाही. त्यानं कंटाळा न करता सांगितलं. ठरलेल्या उपचारांची यादी असते, प्रत्येक उपचाराची रक्कम ठरलेली असते. रुग्णालय आधी मंजुरी मागवतं आणि मग उपचार करतं. हृदय, कॅन्सर, डायलिसिस, मूत्रपिंड, मोठे अपघात अशी खर्चाची दुखणी त्यात बरीच येतात. बाह्यरुग्ण तपासणी येत नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयात होतात. आणि रुग्णालय योजनेच्या यादीत हवं, नसेल तर कार्ड असून नसून सारखं. आमच्या घराजवळचा दवाखाना, जिथं आम्ही ताप-खोकल्यापासून सगळ्याला जातो, तो यादीत नव्हता.

"आधी बिल भरलं आणि मग कार्ड घेऊन आले, असे लई लोक येतात," तो म्हणाला. "तेव्हा आम्हाला काही करता येत नाही. ॲडमिट होतानाच टेबलाकडं या." घरातल्या सगळ्यांना मी हे एक वाक्य पाठ करायला लावलंय. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८ आहे, तोही फ्रीजवर चिकटवलाय.

शिधापत्रिकेवर प्रत्येकाचं नाव आहे का आणि ते आधारशी जुळतं का, हे घरी आल्यावर तपासलं. आईंचं आधारवर नुसतं नाव, शिधापत्रिकेवर त्याच नावापुढे "बाई". योजनेचं कार्ड काढताना संगणक दोन्ही नावांची जुळणी करतो आणि जुळणी कमी भरली की अर्ज तपासणीसाठी वर जातो. आईंचा तसा गेला आणि तिथं बराच अडकला. शेवटी आला, पण माणूस अतिदक्षता विभागात असताना हे करायची वेळ आली असती तर काय झालं असतं, ते ज्याचं त्यानं बघावं.

अण्णांसाठी आणखी एक दार उघडं होतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर वर्षाला पाच लाख. वय आधारवर बघतात, दुसरा पुरावा नाही. एका घरात सत्तरीवरचे दोघं असतील तर हे पाच लाख दोघांत मिळून. घर आधीपासून आयुष्मान योजनेत असेल तर ज्येष्ठांचे हे पाच लाख वेगळे. केंद्र सरकारी नोकरांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर दोन्हींतलं एक निवडावं लागतं, पण खाजगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड चालतं.

कार्ड काढायला आपले सरकार केंद्रात गेलो. अण्णांचा अंगठा काही केल्या उठेना. आयुष्यभर उसाच्या फडात आणि विहिरीवर काम केलेला हात, रेषा उरल्याच नव्हत्या. केंद्रातल्या मुलीनं दहाही बोटं लावून बघितली, ओला रुमाल दिला, परत लावली. मग तिनं मोबाईलवरून चेहऱ्यानं ओळख पटवायचा पर्याय काढला. अण्णांना भिंतीसमोर उभं केलं आणि डोळे मिचकवायला सांगितलं. अण्णा लग्नाच्या फोटोत उभे राहावेत तसे ताठ, डोळे ताणून. "मिचकवा आजोबा, मिचकवा," ती म्हणत होती आणि मागची रांग हसत होती. पण काम झालं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी चेहऱ्याचा पर्याय आधीच मागावा.

अण्णांसाठी खाजगी पॉलिसीचे दरही विचारले होते. अँजिओप्लास्टी सांगितल्यावर एका कंपनीनं सरळ नाही म्हटलं. दुसरीनं पन्नास हजारांच्या वरचा आकडा दिला, वर प्रत्येक बिलात तीस टक्के आपण भरायचे. आमचं सगळं बजेट एका माणसात संपलं असतं आणि तरी बिलाचा जवळपास तिसरा हिस्सा खिशातूनच. तेव्हा अण्णांची वाट सरकारी कार्डाची, असं ठरवून टाकलं.

मग खाजगी विम्याकडे वळले, आईंसाठी एक आणि आम्हा तिघांसाठी एक. सगळ्यांना मिळून एकच फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला एकच सामायिक रकमेची पॉलिसी घ्या, असं सांगणारे बरेच भेटले. फ्लोटरचा हप्ता सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. ६३ वर्षांच्या आईंना ९ वर्षांच्या नातीबरोबर एका पॉलिसीत घातलं तर आमचा तिघांचा हप्ताही आईंच्या वयानं वाढतो, आणि आईंनी एकदा मोठं बिल काढलं की त्या वर्षी नातीला काही उरत नाही. वेगवेगळं घेतलेलं स्वस्त पडतं, हे कागदावर मांडलं की पाच मिनिटांत दिसतं.

संकेतस्थळावर सगळे दर शेजारी शेजारी दिसतात, ते मी बघितले. पण खरी माहिती मिळाली ती रुग्णालयातल्या मेडिक्लेम डेस्कवर. सांगली-मिरजेतली जी रुग्णालयं आम्हाला परवडतील आणि जवळ पडतील, तिथं जाऊन मी सरळ खिडकीवर उभी राहायची.

"ताई, पेशंटचं नाव?"

"पेशंट नाही. पॉलिसी घ्यायच्या आधी विचारायला आलेय."

एका खिडकीवरची मुलगी हसायलाच लागली. म्हणाली, असं विचारायला कुणी येत नाही, सगळे सलाईन लावल्यावर येतात. दुपारची गर्दी ओसरली होती, तिनं मला खुर्ची दिली. कुठल्या कंपन्यांशी त्यांचा कॅशलेसचा, म्हणजे बिल थेट कंपनीनं भरायचा, करार आहे, कुणाची मंजुरी पटकन येते, कोण प्रत्येक फाईलला प्रश्न काढतं, हे तिला तोंडपाठ. २०२४ च्या नियमाप्रमाणे कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीनं तासाभरात उत्तर द्यायचं असतं आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत. "नियम आहे," ती म्हणाली, आणि पुढं काही बोलली नाही. मग तिनंच एक गोष्ट सांगितली, ती मला फार उपयोगी पडली: "पॉलिसी नवीन असली की क्वेरी येणारच. शुगर कधीपासून, पहिली चिठ्ठी दाखवा. तिथं अर्जात लिहिलेलं आणि डॉक्टरांच्या कागदावरचं जुळलं नाही की क्लेम अडकला."

तिच्याकडून खोल्यांचे दरही लिहून घेतले. जनरल वॉर्ड, दोघांची खोली, स्वतंत्र खोली. हा कागद खिशात असल्याशिवाय पॉलिसी निवडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण स्वस्त पॉलिसीची सगळी गंमत खोलीच्या भाड्यात लपलेली असते.

आईंसाठी मी आरोग्य संजीवनी बघत होते. ही प्रमाणित पॉलिसी आहे. विमा नियामकानं १ एप्रिल २०२० पासून आरोग्य विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ती ठेवायला लावली. अटी सगळीकडे सारख्या, दर मात्र ज्याचे त्याचे, त्यामुळे तुलना सोपी. तिच्यात खोलीचं भाडं विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त पाच हजार. अतिदक्षता विभागाला दहा हजार. मान्य झालेल्या रकमेत पाच टक्के आपले. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे जास्तीत जास्त चाळीस हजार.

आता समजा, पाच हजारांची मर्यादा असताना आपण आठ हजारांची खोली घेतली आणि चार दिवस राहिलो. लोकांना वाटतं, वरचे तीन हजार रोज आपण भरू, बारा हजारांत भागेल. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणून कंपनी तेही पाचास आठ या प्रमाणात कापते. ही बिलं ८० हजार झाली असतील तर ५० हजारच मान्य होतात. खोलीचे बारा आणि हे तीस, असे ४२ हजार आपल्या खिशातून, ते पाच टक्के वेगळे. औषधं, बसवलेले स्टेंटसारखे भाग आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, पण तेवढंच समाधान. म्हणून आईंच्या पॉलिसीचा अर्थ आम्ही घरात साधा लावून ठेवलाय: दोघांच्या खोलीतच राहायचं. आमच्या यादीतल्या रुग्णालयांत ती खोली पाच हजारांच्या आत होती. नसती तर ही पॉलिसी मी घेतलीच नसती.

तिघांसाठी दोन आकडे समोर होते. दहा लाखांचा फ्लोटर साधारण १९ हजार. नाहीतर पाच लाखांचा फ्लोटर १४ हजार आणि त्यावर वीस लाखांचा सुपर टॉप-अप तीन हजार. सुपर टॉप-अप म्हणजे वर्षभरातली सगळी बिलं मिळून पाच लाखांच्या पुढं गेली की तिथून तो द्यायला लागतो. नुसता टॉप-अप असेल तर प्रत्येक बिल स्वतंत्र धरतात. तीन लाखांची दोन दुखणी आली तर सुपर टॉप-अप एक लाख देतो आणि नुसता टॉप-अप काहीच देत नाही. दोघांच्या हप्त्यात फरक थोडाच असतो, म्हणून विकणारा कुठला दाखवतोय ते नीट बघावं. आम्ही १७ हजारांत पंचवीस लाखांचं कव्हर घेतलं, खोलीच्या भाड्याला मर्यादा नसलेलं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींवरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झालाय, तेव्हा १७ म्हणजे १७. आधी घेतली असती तर वीस हजार साठ झाले असते.

नवऱ्याच्या ओळखीतल्या एका पतसंस्थेनं सभासदांसाठी ग्रुप मेडिक्लेम काढला होता, तो याहून स्वस्त होता. मला तो नको वाटला. करार पतसंस्थेचा आणि कंपनीचा, आपण फक्त यादीतलं एक नाव. उद्या संस्थेनं तो बंद केला तर आईंच्या वयात पुन्हा पहिल्यापासून दारोदार. शिवाय ग्रुप पॉलिसीला जीएसटीची ती सूट नाही. ज्यांना दुसरं काही मिळतच नाही, त्यांनी जरूर घ्यावा.

आता अर्ज. आमच्याकडे जे एजंट आले ते नवऱ्याच्या मित्राचे पाहुणे, बोलायला गोड. लॅपटॉप उघडून आईंचं नाव, जन्मतारीख भरली आणि आजारांच्या पानावर येऊन थांबले.

"वहिनी, बीपी टाकू. शुगर राहू दे. शुगर लिहिली की हप्ता वाढतो, वर रक्त तपासायला लावतात."

"आणि क्लेमच्या वेळी निघालं तर?"

"पाच वर्षं गेली की कंपनीला विचारताच येत नाही. नियमच आहे आता."

नियम आहे, हे खरं. सलग साठ महिने पॉलिसी चालली की माहिती दडवली या कारणानं कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. पूर्वी हा काळ आठ वर्षांचा होता. पण सिद्ध झालेली फसवणूक त्याला अपवाद आहे, आणि शुगर माहीत असताना "नाही" असं लिहून देणं म्हणजे काय, याचा निकाल मला दवाखान्यात बसून ऐकायचा नव्हता. शिवाय मी साधं गणित केलं. आई आज ६३. ती पाच वर्षं म्हणजे ६३ ते ६८. ज्या काळात विम्याची सर्वांत जास्त गरज लागेल, तोच काळ जीव मुठीत धरून काढायचा. आणि खरं लिहिलं तर काय होतं? आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे तोवर त्या आजारांचं बिल मिळत नाही. २०२४ च्या एप्रिलपासून त्याहून जास्त लावता येत नाही. खरं सांगून तीन वर्षं थांबायचं की लपवून पाच वर्षं धाकात काढायची, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

मी एजंटांना चहा दिला आणि अर्ज मी भरीन म्हणून सांगितलं. त्यांच्या पडद्यावर आजारांच्या सगळ्या प्रश्नांपुढे "नाही" आधीच भरलेलं होतं, हेही तेव्हा दिसलं. शेवटी मोबाईलवर ओटीपी येतो आणि आपण तो वाचून दाखवतो. ती आपली सही असते. सगळी पानं वाचल्याशिवाय ओटीपी कुणालाही सांगू नये.

रात्री जेवणं झाल्यावर आईंना घेऊन बसले.

"आई, काय काय आजार आहेत ते सांगा."

"मला कुठं काय आहे? नुसत्या गोळ्या चालू आहेत."

मग गोळ्यांचा डबा मागवला. जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात रबर लावलेल्या पट्ट्या. टेबलावर एकेक मांडल्या. टेल्मिसार्टन, बीपीची. मेटफॉर्मिन, शुगरची. कॅल्शियम. आणि तळाशी एक छोटी बाटली, थायरॉक्सिन. "ती होय, ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची," आई म्हणाल्या, "ती औषध नव्हे, डॉक्टर म्हणाले कायमची आहे." म्हणजे थायरॉईड. घरात कुणाला माहीत नव्हतं. मग जुन्या फाईली निघाल्या. २००९ साली गर्भपिशवीचं ऑपरेशन. शुगरची पहिली चिठ्ठी २०१९ ची. बीपी त्याच्या आधीचं, कागद नाही. "आठवतंय का केव्हापासून?" "नातीच्या बारशाला चक्कर आली होती, तेव्हापासून." बारसं २०१६. लिहिलं.

प्रत्येक आजार, साल, गोळीचं नाव, डोस. अर्जातल्या चौकोनात मावलं नाही म्हणून वेगळं पान जोडलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो लावले. "यापूर्वी कुठल्या कंपनीनं विमा नाकारलाय का" हा प्रश्नही असतो. अण्णांना नाकारलं होतं, आईंना नाही, म्हणून आईंच्या अर्जात "नाही" हे खरं उत्तर. याच प्रश्नामुळे ज्याची प्रकृती नाजूक आहे त्याच्या नावानं दहा ठिकाणी एकदम अर्ज टाकू नयेत. दर विचारणं वेगळं, अर्ज भरणं वेगळं.

पुढं सकाळी एक मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला, त्यांनी तेच प्रश्न परत विचारले. आईंना आधी बजावलं होतं, "नुसत्या गोळ्या" म्हणायचं नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर ७.४ आली. मग ईमेल आला: वीस टक्के लोडिंग, म्हणजे १६ हजारांचा हप्ता १९ हजार २००, आणि बीपी, शुगर, थायरॉईडला तीन वर्षं थांबायचं. मान्य असेल तर कळवा. कळवलं. एजंट म्हणत होते ते खरं ठरलं, हप्ता वाढला. तीन हजार दोनशे रुपयांनी. तेवढ्यासाठी मी खोटं लिहिणार होते का, असं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मी कुठं काय बोललो.

पॉलिसी हातात आली की लोक ती कपाटात टाकतात. तीस दिवसांचा काळ असतो, त्यात वाचून पटली नाही तर परत करता येते, थोडीफार वजावट होऊन पैसे मिळतात. पॉलिसीबरोबर आपल्या अर्जाची प्रत येते. ती मी ओळ न ओळ ताडून बघितली आणि थायरॉईड गायब होतं. मी लिहिलं होतं, लोडिंगच्या ईमेलमध्ये होतं, पण छापील प्रतीत नव्हतं. ईमेल केला, उत्तर नाही. परत केला, आधीचे सगळे कागद जोडून, आणि तीस दिवसांची तारीख ठळक लिहून. तेव्हा दुरुस्तीचं पत्र आलं. दाद लागली नसती तर आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल, आणि शेवटी पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही. ती वेळ आली नाही.

सगळं मिळून ३६ हजार २००. उरलेल्यातून महिन्याला अकराशे रुपयांची आरडी सुरू केली, ती अण्णांसाठी. सरकारी कार्डात न बसणाऱ्या तपासण्या, गाडीभाडं, रुग्णाजवळ बसणाऱ्याचं जेवण, याला कुठलाच विमा पैसे देत नाही. महिन्याच्या हप्त्यानं प्रीमियम भरायची सोय होती, मी वर्षाचा एकदम भरला. धंद्याच्या खात्यात एखाद्या महिन्यात पैसे नसले आणि हप्ता चुकला तर सवलतीचे दिवस पंधराच असतात. विम्याच्या हप्त्यावरची प्राप्तिकरातली ८०डी ची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते. आमचं उत्पन्न नव्या पद्धतीत करपात्रच होत नाही, तेव्हा तो विचार केलाच नाही. करासाठी पॉलिसी घ्या म्हणणाऱ्यानं आधी आपला कर किती ते विचारावं.

आईंचा हप्ता पुढं किती वाढेल ही धाकधूक आहेच. जानेवारी २०२५ मध्ये नियामकानं कंपन्यांना बजावलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी विचारा. त्याच हिशेबानं पुढच्या सात वर्षांचा तक्ता करून ठेवलाय. सत्तरी गाठली की आईंनाही वय वंदना कार्ड मिळेल, मग हा हप्ता चालू ठेवायचा की नाही ते तेव्हा बघू.

राहिले आईंचे गुडघे. सांधे बदलायच्या ऑपरेशनला पॉलिसीत तीन वर्षांची वाट आहे. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, बरंच झालं, तोवर वजन आठ किलो उतरवा, भात बंद, रोज चाला. आई घरी येऊन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "विमा काढलात तुम्ही आणि हप्ते मी भरतेय होय!"